कमीत कमी बेरीज

विनोदिनी पोतनीसला कॉलेजात सगळे मॅडम म्हणत, पण तिचा खरा हुद्दा होता अतिथी विद्वान. नाव भारदस्त, नोकरी कच्ची. जितके तास घ्याल तितकं मानधन, आणि कायमचा प्राध्यापक बदलून आला की पाहुण्यानं आपला डबा उचलून घर गाठायचं. विनोदिनीच्या जागी असा कायमचा माणूस आला तेव्हा तिची पंचेचाळिशी उलटली होती. लग्न केलेलं नव्हतं. नानाखेड्याच्या मागच्या कॉलनीत दोन खोल्या, घरात आई, म्हणजे अक्का, आणि डोक्यात एम.एस्सी.च्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलेलं ऑपरेशन्स रिसर्च. त्याचं आता करायचं काय, हे तिला कळत नव्हतं.

उपयोग निघाला तो दिलीप निगुडकरच्या ब्यूरोत. देवास गेटजवळ औषधाच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी दिवसपाळीला बाया पाठवायच्या, हा त्याचा धंदा. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आणि मागं आईबाप, अशी घरं गावात वाढत चालली होती. बाया होत्या, घरं होती, पण कोणाला कुठं धाडायचं हा रोजचा तंटा. भैरवगढची बाई नानाखेड्याला जाई आणि नानाखेड्याची भैरवगढला. श्रावणी सोमवारी देवाच्या पालखीच्या सवारीसाठी रस्ते बंद झाले की निम्म्या बाया दुपारी पोचत, आणि दिलीप सकाळभर दोन फोनांवर आळीपाळीनं भांडत बसे.

विनोदिनी तिथं फोन घ्यायला म्हणून लागली. काही दिवस तिनं तो गोंधळ ऐकला, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे गणित आपण फळ्यावर शेकडो वेळा सोडवलं आहे. परीक्षेत हमखास येणारा, पोरांना फुकट गुण देणारा असाइनमेंट प्रॉब्लेम.

तिनं कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. आडव्या ओळींत बाया, उभ्या रकान्यांत घरं. प्रत्येक चौकटीत एक आकडा: ही बाई त्या घरी गेली तर त्रास किती. अंतर, जिने, माणूस उचलावा लागतो का, घरच्यांच्या तक्रारी, बाईच्या तक्रारी, सगळं मिळून तो आकडा. मग प्रत्येक बाईला एक घर आणि प्रत्येक घराला एक बाई अशी वाटणी करायची, की सगळ्या त्रासाची बेरीज कमीत कमी यावी. ओळीतला सगळ्यांत लहान आकडा ओळीतून वजा करायचा, रकान्यातला रकान्यातून, शून्यं शोधायची, ती रेघांनी झाकायची. हाताला सवय होती. पहिल्या महिन्यातच भांडणं निम्म्यावर आली.

"मॅडम, जादू आहे ही," दिलीप म्हणाला.

"जादू कसली. सत्तर वर्षं जुनी रीत आहे," ती म्हणाली, पण त्या दिवशी ती घरी चालत गेली नाही, रिक्षा केली, आणि अक्कासाठी गरम जिलबी नेली. कॉलेजनं काढून टाकल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण कुठंतरी नेमक्या जागी बसलो आहोत असं वाटत होतं.

सगळी घरं सुरळीत लागली, एक सोडून. फ्रीगंजमधलं भय्यासाहेब पाग्यांचं. भय्यासाहेब मोठे वकील होते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात मात्र शाबूत राहिला, आणि तो हात फार जोरात चाले. एका बाईला त्यांनी केस धरून पलंगावर आपटलं, दुसरीला चावले, तिसरी पहिल्याच दिवशी चप्पल तिथंच टाकून पळाली. मुलगा आल्हाद विमा कंपनीत होता. तो आणि त्याची बायको दोघंही सकाळी निघत ते संध्याकाळी परतत. पाग्यांच्या रकान्यात प्रत्येक ओळीला मोठे आकडे होते. त्यातल्या त्यात लहान आकडा सुमनचा.

सुमन चाळिशीची, अंगानं मजबूत, बोलणं कमी. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर हे कुटुंब भुसावळहून इकडं आलं आणि इथंच राहिलं. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, त्याला न उचलता चादर कशी बदलायची, हे तिला कोणी सांगावं लागत नसे. तक्त्यानं तिला पाग्यांकडं धाडलं, आणि ती गेली.

महिन्याभरानं ती ऑफिसात आली. मनगट सुजून काळंनिळं झालेलं.

"ताई, मला दुसरं घर द्या."

विनोदिनीनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. समजावून सांगायची तिला खोडच होती. "हे बघ. पाग्यांकडं तुझा आकडा सहा, ऋचाचा नऊ. ऋषीनगरचं घर सोपं; तिथं तुझा तीन, ऋचाचा चार. तू पाग्यांकडं आणि ऋचा ऋषीनगरला, तर सहा आणि चार, दहा. उलट केलं तर तीन आणि नऊ, बारा. बेरीज वाढते."

"पण ऋषीनगरलाही माझंच काम चांगलं आहे ना? तीन म्हणजे चारापेक्षा कमी त्रास."

"दोन्हीकडं तूच चांगली आहेस. म्हणून तर तुला अवघड जागी ठेवायचं. तिथं तुझ्यामुळं जास्त फरक पडतो."

सुमन स्क्रीनकडं बघत राहिली. "मतलब, मला तिथं जमलं नसतं तर मी सुटले असते."

"हो. पण तुला जमतं ना."

विनोदिनीला यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाईला मुद्दा झटकन समजला याचं बरं वाटलं, एम.एस्सी.च्या पोरांना तो समजायला तासन्तास लागत. तिनं टेबलाच्या खणातून मलमाची ट्यूब काढून सुमनला दिली. सुमननं ती घेतली आणि गेली.

त्यानंतर पाग्यांकडची तक्रार आली नाही. ना सुमनची, ना घरच्यांची. उलट आल्हादचा फोन आला. "तुमच्या सुमनबाईंनी कमाल केली. बाबा एकदम शांत झालेत. जेवतात, झोपतात, काही परेशानी नाही." विनोदिनीनं चौकटीतला सहाचा चार केला. काही महिन्यांनी चाराचा तीन, मग दोन. आकडा जसजसा उतरत गेला तशी सुमन त्या घरात रुतत गेली, कारण आता तिला तिथून हलवणं दर वेळी आणखी महाग पडत होतं. सुमननंही पुन्हा मागणी केली नाही. आली की पगार घेई, मान हलवी, जाई.

विनोदिनी एकदा पाग्यांकडं गेलीही होती. दिलीपनंच पाठवलं, मोठ्या घरांना ब्यूरोचं माणूस अधूनमधून भेटून आलेलं बरं म्हणून. दिवस पावसाळ्यातला, दमट. भय्यासाहेब खुर्चीत बसवलेले, दाढी गुळगुळीत, अंगावर गळ्यापर्यंत शाल. तिला पाहून त्यांच्या घशातून लांबलचक आवाज निघाला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"नवीन माणूस दिसलं की रडतात," सुमन म्हणाली आणि रुमालानं त्यांचं तोंड पुसलं.

झटका आलेली माणसं विनाकारण रडतात हे विनोदिनीनं ऐकलेलं होतं. ती नमस्कार करून बाहेर पडली. जिना उतरताना तिला क्षणभर वाटलं, एवढ्या उकाड्यात शाल कशाला. पण खाली रिक्षावाला घाई करत होता.

अक्का पडली ती दिवाळीनंतर. न्हाणीघराच्या उंबऱ्यात पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता काही महिने अंथरूण. अक्काचं वय ब्याऐंशी. स्मरण थोडं डळमळीत झालेलं, पण तोंड अखंड चालू. कोणाच्या मुंजीत कोण रुसलं होतं इथपासून ते दूधवाला आज पाणी घालून गेला इथपर्यंत, दिवसभर बोलणार. ऐकणारं कोणी असो नसो.

विनोदिनीनं आपल्याच घराचा एक रकाना तक्त्यात वाढवला, एक नवी बाई कामावर घेऊन ओळही वाढवली, आणि सगळं रीतसर पुन्हा सोडवलं. अक्काच्या वाट्याला ऋचा आली. ऋचा तेविशीची, हसरी, बडबडी. दोघींचं मेतकूट जमलं. ऋचा अक्काची वेणी घाली आणि अक्का तिला सासर कसं असतं याच्या खऱ्याखोट्या गोष्टी सांगे. पण ऋचा वेंधळीही होती. कधी उशिरा येई, एकदा सकाळची गोळी संध्याकाळी दिली. आणि एका दुपारी अक्कानं टाके खाजवून पट्टी ओढून काढली, तेव्हा ऋचा स्वयंपाकघरात फोनवर होती. जखम चिघळली.

त्या आठवड्यात विनोदिनी स्क्रीनसमोर बसली आणि पाग्यांच्या रकान्यातल्या सुमनच्या चौकटीकडं पाहत राहिली. दोन. ज्या बाईनं भय्यासाहेबांना शांत केलं, तिच्या हाताखाली अक्का किती सुखात राहील. तिनं दोनच्या जागी वीस लिहिले. विचारणारं कोणी नव्हतं. आकडे तीच घालत होती. गणित सोडवल्यावर सुमन पाग्यांकडून निघून नानाखेड्याला आली आणि ऋचा पाग्यांकडं गेली. गणित बरोबर होतं. तिनं स्वतःला सांगितलं की सुमननं त्या घरात खूप सोसलं, तिलाही थोडा आराम हवाच.

सोमवारी सकाळी सुमन आली. चपला दाराबाहेर, पदर खोचलेला. संध्याकाळी विनोदिनी परतली तेव्हा घर लख्ख होतं, पट्टी जागच्या जागी, गोळ्या वेळेवर, अक्का स्वच्छ पातळात पडलेली.

"त्रास दिला का गं हिनं?"

"नाही. शांत असतात."

मंगळवारीही तसंच. विनोदिनीनं अक्काजवळ बसून दिवसभराचं विचारलं, तर अक्का म्हणाली, "काही नाही." तिच्या तोंडून हा शब्द विनोदिनीनं फारसा ऐकला नव्हता. दमली असेल, औषधांनी गुंगी येत असेल. बुधवारी सकाळी निघताना अक्कानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "विने, आज घरी राहा."

"कशाला? सुमन आहे ना."

अक्कानं हात सोडला.

पाग्यांच्या शेजारून फोन आला तो त्याच दिवशी, अकराच्या सुमारास. शेजाऱ्यांनी ऋचाला इस्पितळात नेलं होतं. विनोदिनी पोचली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर बोळा बांधलेला होता आणि ऋचाची आई बाकावर बसून एकाच ठिकाणी टक लावून होती. डॉक्टर म्हणाले, इंदूरला न्या, पण डोळ्याची आशा धरू नका.

ऋचा शुद्धीवर होती. हळूहळू, दर शब्दाला थांबत बोलली.

"मॅडम, त्यांचे हात बांधलेले असतात."

"कोणाचे?"

"आजोबांचे. जुन्या धोतराच्या पट्ट्या. खुर्चीला. वरून शाल. पहिल्या दिवशी मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, सुमनबाईंनी शिकवलंय, असंच ठेवा, सोडू नका. दोन दिवस मी नाही सोडले. आज मनगटाखाली सडलेलं दिसलं. वास येत होता. मला राहवलं नाही. मी गाठ सोडली, औषध लावायला वाकले. शेजारी जेवणाचा काटा होता."

विनोदिनीनं तिचा हात हातात घेतला. ऋचानं विचारलं, "त्यांनी मला का मारलं? मी तर सोडवत होते."

उत्तर विनोदिनीला माहीत होतं. इतक्या दिवसांनी हात मोकळा झाला, तेव्हा जो चेहरा सगळ्यांत जवळ होता त्याच्यावर तो पडला. हे तिनं ऋचाला सांगितलं नाही. ती उठली, बाहेर आली, आणि रस्त्यात उभी राहिल्यावर तिला आठवलं की आत्ता घरी अक्कापाशी सुमन आहे. तिनं रिक्षा थांबवली आणि नानाखेडा म्हणाली.

दार सुमननं उघडलं. हातात चहाचा कप होता. ती घाबरली नाही, बाजूला झाली.

आतल्या खोलीत अक्का उताणी पडली होती. भाड्यानं आणलेल्या लोखंडी पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना तिची मनगटं बांधलेली. पट्ट्या मऊ, विनोदिनीच्याच जुन्या ओढणीच्या. गाठी नीटनेटक्या, एका ओढीत सुटणाऱ्या. विनोदिनीनं त्या सोडल्या. अक्कानं हात हलवले नाहीत. ते होते तसेच दोन्ही बाजूंना पडून राहिले.

"सुमन, हे काय आहे?"

"त्या पट्टी ओढतात. तुम्हीच सांगितलं होतं ना, पट्टी निघता कामा नये."

"म्हणून बांधायचं? माझ्या आईला?"

सुमननं कप खाली ठेवला. "पाग्यांकडंही कोणाचे तरी वडीलच आहेत, ताई. तिथं तुम्ही येऊन गेलात. शाल दिसली तुम्हाला. तुम्ही काही विचारलं नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता, घरकामाविषयी बोलावं तसं ती बोलत होती. "माझं हे मनगट त्यांनी मोडलं होतं, सुजलं नव्हतं नुसतं. मी दुसरं घर मागितलं. तुम्ही म्हणालात, जमतं ना तुला. मग मी जमवलं. माणूस एकटा, दिवसभर, दार बंद. दुसरं कसं जमवायचं असतं ते मला कोणी दाखवलं नाही."

"मारलंस का हिला?"

"पहिल्या दिवशी तोंडावर हात ठेवला, फार बोलतात म्हणून. मग गरज लागली नाही."

विनोदिनीला वाटलं आपण हिला दारातून ढकलून द्यावं. पण तिनं पलंगाच्या कडेला बसून अक्काचं मनगट चोळायला सुरुवात केली. अक्काचे ओठ सुकले होते. तिची नजर विनोदिनीला ओलांडून दाराशी उभ्या असलेल्या बाईकडं गेली.

"सुमन," अक्का अगदी हळू म्हणाली, "पाणी पिऊ का?"

दुसऱ्या दिवशी अक्कापाशी शेजारणीला बसवून विनोदिनी ऑफिसात गेली आणि तिनं दिलीपला सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं, वीसच्या आकड्याविषयी ती बोलली नाही.

"ऋचाचं फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण भय्यासाहेबांना समज आहे का? अपघात म्हणायचा. आणि बांधण्याचं म्हणाल, तर घरच्यांना माहीत होतं. आपण पोलिसात गेलो, तर उद्या गावात कोणी आपल्याला दार उघडेल का?"

"आणि सुमन?"

"सुमनला काढली तर पाग्यांकडं कोण जाईल? तुम्ही जाल?"

विनोदिनीनं कॉम्प्युटर सुरू केला. ऋचाची ओळ काढून टाकली. एक ओळ कमी झाली की एक घर उघडं पडतं, आणि घरं फोन करत होती. तिनं पाग्यांच्या रकान्यातले आकडे एकेक करून पाहिले. प्रत्येक बाईचा आकडा आता आधीपेक्षा मोठा व्हायला हवा होता, कारण डोळा गेल्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती. सुमनच्या चौकटीत तिनं लिहिलेले वीस तसेच होते.

ते तसेच राहू देता आले असते. मग दुसरी कोणीतरी गेली असती, जिला गाठी बांधता येत नव्हत्या, किंवा बांधवत नव्हत्या. नाहीतर पाग्यांना नाही म्हणून सांगता आलं असतं, रकानाच पुसता आला असता. मग भय्यासाहेब दिवसभर बंद घरात एकटे, त्याच पट्ट्यांत, आणि जेवण भरवायलाही कोणी नाही. ती उलटसुलट हिशेब करत बसली. खरं तर तिला ठाऊक होतं की ती हिशेब करत नाही. सुमन उद्या कुठंतरी जाणारच होती, आणि ती आपल्या घरी नको, एवढंच तिला हवं होतं.

तिनं वीस खोडून दोन लिहिले. अक्काच्या रकान्यात सुमनसमोर शंभर घातले. मग वजाबाक्या झाल्या, शून्यं निघाली, रेघा पडल्या. ऋषीनगरची बाई नानाखेड्याला, नवी बाई ऋषीनगरला. सुमन पाग्यांकडं. उरलेलं घर दिलीपनं कसंतरी निभावलं.

सुमन संध्याकाळी आली तेव्हा विनोदिनीनं तिच्याकडं न बघता घराचं नाव सांगितलं. सुमन म्हणाली, "बरं." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "अक्कांना सांगा, मी विचारलं होतं म्हणून."

अक्काचा खुबा जुळला. चालायलाही लागली, भिंतीला धरून. बोलणं मात्र परत आलं नाही. ऋषीनगरहून आलेली बाई प्रेमळ होती, तिनं खूप प्रयत्न केले. अक्का तिला दर वेळी आधी विचारी, उठू का, बसू का, आणि उत्तर मिळेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबे. विनोदिनीलाही ती तसंच विचारू लागली. विनोदिनी हो म्हणे.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी, सुमन गेल्यावर, विनोदिनीनं आल्हादला फोन लावला.

"उद्यापासून सुमन येईल."

"बरं झालं, मॅडम. बिलकुल बरं झालं. हे चार दिवस फार वाईट गेले." त्याच्या मागं घरात कुठंतरी तो लांबलचक, शब्द नसलेला आवाज चालू होता. "बाबांनाही तिची सवय झाली आहे."

विनोदिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वेळ सकाळी आठचीच ठेवायची ना?" तिनं विचारलं.